पिवळं मडगार्ड

पर्वरीच्या शोरूममध्ये एसी इतका
की घामाचा शर्ट पाठीला गार चिकटला.
मी पहिला प्रश्न विचारला तो रंगाचा:
पुढचं मडगार्ड पिवळं करून मिळेल का?
पायलटाला ते लागतं.
तन्वेश नावाचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र,
हसला. काका, लोक आधी रेंज विचारतात.

मग रेंज विचारली.
एकशेदहा, म्हणाला.
कुणाचे एकशेदहा?
माझे एकट्याचे, सपाट रस्त्यावर?
की मागे पिएदादबाय, तिच्या मांडीवर नारळाचं पोतं,
आणि धक्क्यावरून वर येणारा तो चढ,
जिथे माझी जुनी गाडीसुद्धा
पहिल्या गिअरात देवाचं नाव घेते?
तो मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला.

चोडणबद्दल मी त्याला सगळं सांगितलं नाही.
भरतीला फेरीच्या फाळक्यावर खारं पाणी चढतं,
पेट्रोलची गाडी शिंकते, दोन लाथा खाते, चालू होते.
हिला लाथ मारायची कुठे?

आणि वीज.
जून लागला की माडाची एक झावळी तारेवर पडते
आणि अख्खा वाडा काळोखात हाका मारत बसतो:
तुमच्याकडे आहे? नाही. तुमच्याकडे?
पहाटेची पहिली फेरी
वीजखात्यासाठी थांबत नाही.

बॅटरी किती वर्षं? आठ.
आठ वर्षांनी मी बासष्ट.
दोघांची एकदमच बदलायची वेळ.
माझी कोण बदलणार
ते त्याच्या छापील कागदावर नव्हतं.

पुतण्यानं व्हिडिओ दाखवला:
कुठल्याशा शहरात उभी असलेली गाडी,
आधी धूर, मग नुसतीच माणसांची पळापळ.
बायकोनं तो तीनदा पाहिला.
चार्जिंग देवघराच्या भिंतीला नको, म्हणाली.
मी काही बोललो नाही.
सत्तावीस वर्षं पेट्रोलच्या बाटल्या
चुलीमागच्या खोलीत उभ्या आहेत.

इनासनं मात्र व्हिडिओ मागितला नाही.
ग्रीसचे हात फडक्याला पुसत विचारलं,
तेल लागत नाही?
नाही.
प्लग? चेन? क्लचची वायर?
नाही रे.
मग त्यानं माझ्यासाठी सोडा मागवला.
एरवी मी मागवतो.

एका दिवसासाठी नेऊन बघा, तन्वेश म्हणाला.
नेली.
पिएदादबाय दारातच थांबली.
चालू आहे?
आहे.
मग आवाज कुठाय?
तरी बसली, एक हात माझ्या खांद्यावर,
एक पोत्यावर.

खाजनाच्या बांधावर आलो.
मानशीतून पाणी पडत होतं, ते ऐकू आलं.
इथे मानस आहे हे मला ठाऊक होतंच,
पण पाणी पडतं म्हणजे आवाज येतो
हे मी चालत होतो त्या दिवसांतलं.

आणि मागून बोलणं.
अकरा वर्षं ती माझ्या मागे बसून बोलते.
वारा, इंजिन, हेल्मेट,
तोंड हलतंय एवढं आरशात दिसायचं
आणि मी मान हलवून म्हणायचो, हय, हय.
आज पहिल्यांदा शब्द आले:
या वळणावर तू फार जोरात मारतोस, सगुण.
दर खेपेला सांगते.
दर खेपेला हय म्हणतोस
आणि तितक्याच जोरात मारतोस.

मी हळू घेतलं.
ती एकदम गप्प झाली.
मग म्हणाली, गाडी बिघडली काय?

धक्क्यावर फेरी पलीकडे होती.
आकडा त्र्याऐंशी.
मिठागरात पाणी किती उरलं ते बघावं
तसा मी तो वाकून वाकून बघत होतो.
फॉर्म खिशात, सहीची जागा सोडून भरलेला.
उतरताना तिनं नेहमीचे पैसे दिले
आणि गेली नाही.
अकरा वर्षांचं बरंच राहिलं होतं,
तिनं पोतं खाली ठेवलं.